हायड्रोजनच्या संपर्कात आलेल्या स्टेनलेस स्टीलची सूक्ष्मरचना कशी तपासावी

हायड्रोजन शिरला की पोलाद ठिसूळ होते, हे सर्वांनीच वाचलेले असते. त्यामुळे हायड्रोजन भरलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताच काहीतरी विपरीत दिसेल, अशा अपेक्षेने नवे अभियंते आणि संशोधक विद्यार्थी कामाला लागतात. प्रत्यक्षात चांगल्या प्रतीच्या ३१६एल पत्र्यात उच्च दाबाच्या वायूतून भरपूर हायड्रोजन भरला, तरी न ताणलेल्या नमुन्याचे स्फटिककण, कणसीमा आणि कणांमधील जुळ्या सीमा पूर्वीसारख्याच दिसतात. सूक्ष्मरचनेतील फरक बहुतांशी विकृतीबरोबर, म्हणजे धातू ताणला, वाकवला किंवा घासला गेल्यावर प्रकट होतो. या विकृतीने पोलादाच्या मूळ ऑस्टेनाइट या स्फटिकरचनेचे मार्टेन्साइट या दुसऱ्या रचनेत रूपांतर होऊ शकते. म्हणून या तपासणीत ‘मार्टेन्साइट आहे का’ यापेक्षा ‘ते केव्हा तयार झाले’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ते हायड्रोजन भरण्यापूर्वीच होते, भरताना तयार झाले, ताणताना तयार झाले, की आपणच नमुना घासताना तयार केले, हे वेगळे करता आले नाही तर पुढचे सगळे निष्कर्ष डळमळीत होतात. पुढील पायऱ्या हे वेगळे करण्यासाठीच आखलेल्या आहेत.

लेखाचा भर ३०४ आणि ३१६एल या ऑस्टेनिटिक प्रकारांवर आहे. ४३० सारखे फेरिटिक, ४१० व ४२० सारखे मार्टेन्सिटिक आणि १७-४पीएच सारखे अवक्षेपणाने कठीण केलेले प्रकार हायड्रोजनला मुळातच अधिक बळी पडतात. त्यातही १७-४पीएच सर्वांत कठीण अवस्थेत असेल, तर ते हायड्रोजनच्या सेवेत वापरूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. ड्युप्लेक्स, म्हणजे फेरिट व ऑस्टेनाइट अशा दोन्ही रचना असलेल्या प्रकारांत हायड्रोजन फेरिटमधून वेगाने धावतो आणि भेग ऑस्टेनाइटपाशी अडते. त्यामुळे तिथे ऑस्टेनाइटच्या पट्ट्यांमधील अंतर मोजणे हे मुख्य काम ठरते, आणि समुद्रतळावरील उपकरणांसाठीच्या डीएनव्ही-आरपी-एफ११२ या मार्गदर्शिकेत याच अंतराला मध्यवर्ती स्थान आहे.

पहिली पायरी: नाव बाजूला ठेवा, रासायनिक घटक हातात घ्या

३१६एल हे एका पोलादाचे नाव नसून एका मोठ्या पट्ट्याचे नाव आहे. प्रमाणकानुसार त्यात क्रोमियम १६ ते १८ टक्के, निकेल १० ते १४ टक्के आणि मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के चालते. निकेल महाग असल्यामुळे बाजारातील बराचसा माल या पट्ट्याच्या खालच्या काठावर बनवलेला असतो, आणि हायड्रोजनच्या दृष्टीने नेमका हाच काठ धोक्याचा आहे.

ऑस्टेनाइट किती स्थिर आहे याचा अंदाज घेण्यासाठी १९५४ मध्ये एंजेल यांनी दिलेले सूत्र आजही उपयोगी पडते. त्यातील एमडी-३० म्हणजे ते तापमान, ज्यावर ०.३० खरी विकृती दिल्यास निम्म्या ऑस्टेनाइटचे मार्टेन्साइट होते. सर्व घटक वजनी टक्क्यांत घेऊन, उत्तर सेल्सिअसमध्ये मिळते:

एमडी-३० = ४१३ − ४६२ × (कार्बन + नायट्रोजन) − ९.२ × सिलिकॉन − ८.१ × मँगनीज − १३.७ × क्रोमियम − ९.५ × निकेल − १८.५ × मॉलिब्डेनम

दोन काल्पनिक, पण बाजारात सहज सापडतील अशा ३१६एल पत्र्यांवर हे लावून पाहू. दोन्हींत कार्बन ०.०२, नायट्रोजन ०.०४, सिलिकॉन ०.५ आणि मँगनीज १.३ धरू. पहिल्यात क्रोमियम १६.५, निकेल १०.१ आणि मॉलिब्डेनम २.१ असेल, तर एमडी-३० सुमारे ९ अंश येते. दुसऱ्यात क्रोमियम १७.५, निकेल १३.० आणि मॉलिब्डेनम २.५ असेल, तर ते सुमारे उणे ३९ अंश येते. म्हणजे एकाच नावाच्या दोन पत्र्यांत जवळजवळ ५० अंशांचा फरक पडतो. तुलनेसाठी, ८.१ टक्के निकेल आणि १८.२ टक्के क्रोमियम असलेल्या नेहमीच्या ३०४ चे एमडी-३० साधारण २० अंशांच्या आसपास, म्हणजे खोलीच्या तापमानाजवळच येते. पहिला ३१६एल पत्रा वागणुकीत दुसऱ्या ३१६एल पेक्षा या ३०४ ला जास्त जवळचा आहे.

जपानमध्ये उच्च दाबाच्या हायड्रोजन स्थानकांसाठी याच हेतूने निकेल-तुल्यांक वापरतात: १२.६ × कार्बन + ०.३५ × सिलिकॉन + १.०५ × मँगनीज + निकेल + ०.६५ × क्रोमियम + ०.९८ × मॉलिब्डेनम. उणे ४५ अंशांपर्यंतच्या वापरासाठी हा आकडा किमान २८.५ लागतो. वरच्या दोन पत्र्यांपैकी पहिल्याचा तुल्यांक सुमारे २४.७ आणि दुसऱ्याचा सुमारे २८.६ येतो. पहिला पत्रा टेस्ट सर्टिफिकेटनुसार निर्दोष ३१६एल असूनही इथे नापास होतो.

घटक तपासताना हातात धरायच्या एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्रावर विसंबू नये, कारण ते निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम सांगते, पण कार्बन व नायट्रोजन त्याला दिसत नाहीत. वरच्या सूत्रात याच दोघांना ४६२ चा गुणक आहे, म्हणजे नायट्रोजनमधील ०.०५ टक्क्याची चूक २३ अंशांची चूक ठरते. स्पार्क स्पेक्ट्रोमीटर किंवा वायू-विश्लेषक वापरून हे दोन आकडे मिळवावेत आणि प्रत्येक नमुन्यावर हीट नंबर (पोलादाच्या एका ओतीचा ओळख-क्रमांक) कोरून ठेवावा. भारतात २०० मालिकेचा, निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेला माल ३०४ च्या नावाने खपवला जाण्याचे प्रकार सर्वश्रुत आहेत, आणि वर्कशॉपमधली चुंबक लावून पाहण्याची रीत हा फरक पकडू शकत नाही, कारण तयार अवस्थेत दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत.

दुसरी पायरी: जोडीचे नमुने

प्रत्येक हायड्रोजन भरलेल्या नमुन्यामागे त्याच पत्र्यातून, त्याच दिशेने कापलेला आणि त्याच तापमानात तितकाच काळ, पण आर्गॉनमध्ये ठेवलेला एक नमुना हवा. केवळ ‘जसा आला तसा’ नमुना तुलनेला पुरत नाही, कारण मग उष्णतेचा परिणाम आणि हायड्रोजनचा परिणाम एकमेकांत मिसळतात. कापण्यासाठी वायर-ईडीएम (तारेच्या विद्युत ठिणग्यांनी कापणारे यंत्र) किंवा भरपूर पाण्याखाली चालणारी मंद गतीची चकती वापरावी. शिअरने कापलेल्या कडेवर मार्टेन्साइटचा थर आधीच तयार झालेला असतो, आणि तो हायड्रोजनला आत शिरण्यासाठी मोकळी वाट देतो.

कापलेल्या पत्र्याची मूळ अवस्थाही एकदा नोंदवावी. १० टक्के ऑक्झॅलिक आम्लात प्रति चौरस सेंटीमीटर १ अँपिअर विद्युतप्रवाहाने दीड मिनिट केलेले एचिंग (रचना दिसावी म्हणून पृष्ठभाग रसायनाने कोरणे), म्हणजे एएसटीएम ए-२६२ मधील पहिली पद्धत, कणसीमेवर क्रोमियम कार्बाइड बसले आहे का हे दाखवते. कार्बाइड असेल, तर त्याच्या शेजारचा क्रोमियम आणि कार्बन कमी झालेला पट्टा अस्थिर असतो. ताण पडताच तिथे कणसीमेच्या कडेने मार्टेन्साइट तयार होते आणि हायड्रोजनची भेग कणसीमेवरूनच धावते. वेल्डिंगजवळच्या ३०४ मध्ये हे हमखास पाहावे. वेल्डच्या धातूत डेल्टा-फेरिट असते, ते वेगळे मोजून ठेवले नाही तर पुढे त्यालाच मार्टेन्साइट समजले जाते.

तिसरी पायरी: हायड्रोजन भरणे, आणि त्याआधी थोडे गणित

ऑस्टेनाइटमध्ये हायड्रोजन फार हळू सरकतो. ३०० मालिकेसाठी विसरण-गुणांक अंदाजे ८.९ × १०⁻⁷ × घातांकी(−५३,९०० ÷ ८.३१४ ÷ तापमान) इतका घेता येतो, यात तापमान केल्विनमध्ये आणि उत्तर चौरस मीटर प्रति सेकंद. २५ अंश सेल्सिअसला तो साधारण ३ × १०⁻¹⁶ येतो, तर ३०० अंशांना साधारण १ × १०⁻¹¹. गुणांक आणि वेळ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की हायड्रोजन किती खोल गेला याचा अंदाज मिळतो. खोलीच्या तापमानात एका दिवसात सुमारे ५ मायक्रोमीटर, ८० अंशांना सुमारे २८ मायक्रोमीटर आणि ३०० अंशांना १० दिवसांत सुमारे ३ मिलिमीटर. हे आकडे भिंतीवर लावून ठेवण्यासारखे आहेत, कारण कोणती पद्धत कशासाठी वापरायची हे त्यांच्यावरूनच ठरते.

वायूतून भरण्याच्या पद्धतीत नमुना सुमारे ३०० अंशांना उच्च दाबाच्या हायड्रोजनमध्ये ठेवतात. ३ मिलिमीटर जाडीच्या नमुन्यात दोन्ही बाजूंनी १.५ मिलिमीटर आत जाण्यासाठी साधारण ५७ तास लागतात, म्हणून १० दिवसांत हायड्रोजन सर्वत्र जवळजवळ सारखा पसरतो. १३८ मेगापास्कल दाबाला ३०० मालिकेत वजनाने सुमारे १४० पीपीएम (दहा लाखांत १४० भाग) हायड्रोजन मुरतो. हे प्रमाण किरकोळ वाटले तरी अणूंच्या हिशेबात ते सुमारे ७,७०० पीपीएम, म्हणजे साधारण १३० धातू-अणूंमागे एक हायड्रोजन इतके भरते. दाब कमी असेल, तर प्रमाण साधारणपणे वायूच्या प्रभावी दाबाच्या वर्गमूळाने घटते. ३०० अंश हे तापमान निवडण्यामागचे कारण असे की कार्बाइड साचण्याचा ४५० ते ८५० अंशांचा पट्टा त्याच्या बराच वर आहे.

विद्युत-रासायनिक पद्धत स्वस्त आहे, आणि म्हणूनच महाविद्यालयीन प्रयोगशाळांत तीच दिसते. सौम्य गंधकाम्लात नमुना ऋणाग्र करून विद्युतप्रवाह सोडला जातो, आणि हायड्रोजनचे अणू पृष्ठभागावर एकमेकांना मिळून वायू होऊन निघून जाऊ नयेत म्हणून थायोयुरियासारखे द्रव्य मिसळले जाते. जुन्या लेखांत यासाठी आर्सेनिकची संयुगे सुचवलेली असतात. ती टाळावीत, कारण ऋणाग्राशी अत्यंत विषारी आर्सीन वायू तयार होतो. पद्धत कोणतीही असो, हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन ज्वलनशील असतो, त्यामुळे धूर ओढणारे कपाट आणि गळती-सूचक यांना पर्याय नाही.

या दुसऱ्या पद्धतीचा अर्थ लावताना मात्र फार सावध राहावे लागते. खोलीच्या तापमानात काही मायक्रोमीटरच्या थरात प्रचंड हायड्रोजन कोंबला जातो आणि त्याखालचा धातू कोराच राहतो. वरचा थर फुगू पाहतो, खालचा त्याला आवळून धरतो, आणि या ताणाखाली बाह्य भार नसतानाही ३०४ मध्ये षट्कोनी एप्सिलॉन आणि घनाकार अल्फा-प्राइम मार्टेन्साइट तयार होते. प्रवाह बंद केल्यावर हायड्रोजन बाहेर पडू लागतो, थर आकसतो, आणि कित्येक भेगा तर भरताना न पडता या टप्प्यात, काही तासांनी पडतात. अशा थराचे छायाचित्र दाखवून ‘हायड्रोजनमुळे ३०४ चे मार्टेन्साइट होते’ असे लिहिणे अर्धसत्य आहे. ते रूपांतर तीव्र सांद्रता-उताराने निर्माण केलेल्या ताणाचे आहे, आणि वायूची टाकी किंवा नळी अशा स्थितीतून सहसा जात नाही. म्हणून पृष्ठभागाचे गुणधर्म अभ्यासायचे असतील तर विद्युत-रासायनिक पद्धत आणि जाड घटकाची वागणूक समजून घ्यायची असेल तर वायूची पद्धत निवडावी.

चौथी पायरी: माउंटिंग आणि पॉलिश

सर्वांत जास्त खोटे निष्कर्ष या टप्प्यावर जन्म घेतात. गरम माउंटिंग प्रेसमध्ये नमुना साधारण १६० अंशांना १० मिनिटे राहिला, तर वरच्याच सूत्राने हायड्रोजनची हालचाल सुमारे १३ मायक्रोमीटर खोलीपर्यंत होते, म्हणजे खोलीच्या तापमानात भरलेला थर तिथेच रिकामा होऊ लागतो. त्यामुळे हळू घट्ट होणारे, कमी तापणारे थंड इपॉक्सीच वापरावे.

दुसरी अडचण घासण्याची. जाड एमरी पेपरने ३०४ च्या पृष्ठभागावर मार्टेन्साइट तयार होते, आणि पुढचा प्रत्येक कागद आधीच्याने केलेले नुकसान काढतो की नाही हे वेळेवर अवलंबून असते. प्रत्येक टप्प्यावर हात हलका ठेवावा, वेळ वाढवावा आणि शेवट कोलॉइडल सिलिकाच्या दीर्घ पॉलिशने किंवा इलेक्ट्रोपॉलिशने करावा. परक्लोरिक आम्लावर आधारित इलेक्ट्रोपॉलिश द्रव उत्तम काम देतात, पण तापले किंवा सेंद्रिय पदार्थांशी मिसळले तर स्फोटक ठरतात. योग्य कपाट आणि थंड ठेवण्याची सोय नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. विद्युत-रासायनिक पद्धतीत हे सगळे पॉलिश हायड्रोजन भरण्याआधीच पूर्ण करावे लागते, कारण ५ मायक्रोमीटरचा थर नंतरच्या घासण्यात पूर्ण निघून जातो आणि हाती फक्त कोरा धातू उरतो.

पाचवी पायरी: प्रावस्था (ऑस्टेनाइट, मार्टेन्साइट यांसारख्या रचना) ओळखणे

प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली सोडियम मेटाबायसल्फाइट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या रंगीत एचिंगने मार्टेन्साइट गडद होते. केवळ आकारावरून मात्र घसरपट्टे आणि मार्टेन्साइटच्या पट्ट्या यांत गल्लत होते, म्हणून किमान आणखी एका पद्धतीचा दुजोरा घ्यावा.

एक्स-रे विवर्तनात, तांब्याच्या किरणांनी, ऑस्टेनाइटचे पहिले शिखर ४३.६ अंशांजवळ आणि अल्फा-प्राइमचे ४४.५ अंशांजवळ येते. ही दोन शिखरे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे प्रमाण काढण्यासाठी ७५ आणि ८२ अंशांजवळची शिखरे अधिक भरवशाची ठरतात. एप्सिलॉन ४७ अंशांजवळ शोधावे. हायड्रोजनने स्फटिकातील अणूंचे जाल फुगले असेल, तर ऑस्टेनाइटची शिखरे डावीकडे सरकतात, आणि खोलीनुसार हायड्रोजन बदलत असेल, तर ती रुंद व एका बाजूला कललेली दिसतात. हा कल म्हणजे उताराची पावतीच. तांब्याच्या किरणांनी लोह चमकते आणि पार्श्वभूमी वाढते, त्यामुळे मोनोक्रोमेटर किंवा दुसरी नळी हवी. शिवाय हे किरण काही मायक्रोमीटरच आत पोचतात, म्हणजे घासण्याने झालेले नुकसान इथेही मोजले जाते.

फेराइटस्कोप (चुंबकीय प्रावस्थेचे प्रमाण मोजणारे उपकरण) खोलवरचे, सरासरी उत्तर झटपट देतो. तो डेल्टा-फेरिटसाठी जुळवलेला असल्यामुळे अल्फा-प्राइमसाठी आकड्याला साधारण १.७ ने गुणावे लागते. एप्सिलॉन चुंबकीय नसल्याने त्याला ते दिसतच नाही. कण-कणाचा हिशेब हवा असेल, तर ईबीएसडीला (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात विवर्तनाने प्रत्येक बिंदूची स्फटिकरचना ओळखण्याच्या पद्धतीला) पर्याय नाही. दोन मोजणी-बिंदूंमधील अंतर ०.१ मायक्रोमीटरच्या आसपास ठेवावे, तिन्ही प्रावस्था यादीत द्याव्यात, आणि न ओळखलेल्या बिंदूंना सॉफ्टवेअरने भरून काढू देऊ नये, कारण एप्सिलॉनच्या बारीक पट्ट्या नेमक्या त्याच बिंदूंत लपलेल्या असतात.

सहावी पायरी: ताणणे, आणि सारख्या विकृतीला थांबणे

ताणपरीक्षेसाठी एएसटीएम जी-१२९ किंवा उच्च दाबाच्या हायड्रोजनमध्येच करायची असल्यास जी-१४२ पाहावे. गती मंद ठेवावी, १०⁻⁵ प्रति सेकंद किंवा त्याहून कमी. त्याची दोन कारणे आहेत: हायड्रोजनला भेगेच्या टोकापर्यंत पोचायला वेळ मिळतो, आणि नमुना तापत नाही. वेगाने ताणल्यावर नमुना काही अंशांनी जरी तापला, तरी मार्टेन्साइट कमी तयार होते आणि पोलाद उगाच चांगले ठरते.

आता सर्वांत नेहमीची चूक. हायड्रोजन भरलेला नमुना लवकर तुटतो, म्हणजे त्याला विकृती कमी मिळालेली असते, आणि म्हणून तुटल्यानंतर त्यात मार्टेन्साइटही कमी सापडते. यावरून ‘हायड्रोजनने मार्टेन्साइट रोखले’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. ५, १० आणि २० टक्के विकृतीला परीक्षा थांबवून भरलेल्या आणि कोऱ्या जोडीची तुलना करावी. अशी तुलना केल्यावरही प्रकाशित निष्कर्ष एकमुखी नाहीत. पोलाद, तापमान आणि हायड्रोजनचे प्रमाण यांप्रमाणे रूपांतर कधी वाढलेले तर कधी घटलेले आढळते. एकूण प्रमाणापेक्षा ते कुठे आणि कसे पसरले आहे, हे अधिक बोलके असते. हायड्रोजनमुळे स्टॅकिंग फॉल्टची (अणूंच्या थरांच्या क्रमातील दोषाची) ऊर्जा घटते, घसरण मोजक्या प्रतलांवर एकवटते, आणि अशा पट्ट्यांच्या छेदांवर मार्टेन्साइट व सूक्ष्म भेगा एकत्र दिसू लागतात.

मार्टेन्साइट घातक का, याचेही उत्तर इथेच आहे. ऑस्टेनाइट हायड्रोजन भरपूर सामावून घेतो आणि हळू सोडतो. मार्टेन्साइटची सामावण्याची क्षमता त्या मानाने फार थोडी, पण त्यातील हालचाल कित्येक हजार पट वेगवान. ताणताना ऑस्टेनाइटचे क्षणात मार्टेन्साइट झाले, की आतला हायड्रोजन तिथे अतिरिक्त ठरतो आणि दोन प्रावस्थांच्या सीमेवर ढकलला जातो. तापमान घटवत गेल्यास हा परिणाम सुमारे २०० ते २२० केल्विनला सर्वाधिक होतो. त्याखाली मार्टेन्साइट वाढते, पण हायड्रोजनची हालचालच गोठते. वापर थंड हवामानात किंवा शीत वायू भरणाऱ्या यंत्रणेत असेल, तर केवळ खोलीच्या तापमानाची परीक्षा पुरेशी मानू नये.

सातवी पायरी: भंगपृष्ठ आणि त्याखालचा छेद

तुटलेल्या टोकाचे आधी क्षेत्रफळ मोजून छेद-घट (तुटताना छेदाचे क्षेत्रफळ मूळच्या मानाने किती घटले) काढावी आणि भरलेल्या नमुन्याच्या घटीला कोऱ्याच्या घटीने भागावे. निकेलयुक्त ३१६एल मध्ये पृष्ठभागावर खळग्या कायम राहतात, फक्त त्या लहान व उथळ होतात. ३०४ मध्ये सपाट, चकचकीत पैलू दिसतात. त्यांतले काही जुळ्या सीमांवरचे आणि काही मार्टेन्साइटमधून गेलेले असतात, आणि हा फरक फक्त वरून पाहून ठरत नाही. त्यासाठी नमुना लांबीच्या दिशेने उभा कापून भंगपृष्ठाच्या मागच्या सूक्ष्म भेगा ईबीएसडीने पाहाव्यात. ज्या भेगा वाढून मुख्य भेगेला मिळाल्या नाहीत, त्याच सुरुवात कुठे झाली ते सांगतात. कड जपण्यासाठी निकेलचा मुलामा देण्याची सवय इथे सोडावी, कारण मुलामा देतानाच नवा हायड्रोजन आत जातो.

आठवी पायरी: हायड्रोजन काढून पुन्हा तपासणी

भरलेल्या नमुन्यांपैकी एक न ताणता निर्वातात ३०० अंशांना, भरायला लागला तेवढाच काळ ठेवावा, त्यातला उरलेला हायड्रोजन वायू-विश्लेषकाने मोजावा आणि मग तो ताणावा. अल्फा-प्राइम परत ऑस्टेनाइट होण्यासाठी याहून बरेच जास्त तापमान लागते, त्यामुळे ही उष्णता हायड्रोजन काढते पण अल्फा-प्राइम जवळपास तसेच ठेवते. एप्सिलॉन मात्र कमी तापमानालाही नाहीसे होऊ शकते, म्हणून त्याची छायाचित्रे आधीच घेऊन ठेवावीत. या नमुन्याची छेद-घट कोऱ्या जोडीइतकी परत आली, तर ठिसूळपणा विरघळलेल्या हायड्रोजनचा होता. ती परत आली नाही, तर आत कायमची भेग, कार्बाइड किंवा आधीचे शीतकार्य (न तापवता दिलेली विकृती) शोधावे लागते आणि तपास पुन्हा दुसऱ्या पायरीवर जातो. अहवालात हीट नंबर, दोन्ही स्थिरता-आकडे, भरण्याचा दाब व तापमान, मोजलेला हायड्रोजन, विकृतीची गती आणि भरणे संपल्यापासून परीक्षा सुरू होईपर्यंत गेलेला वेळ हे सर्व लिहावे. शेवटची नोंद बहुतेकजण वगळतात, आणि विद्युत-रासायनिक पद्धतीने भरलेल्या नमुन्यात तर दोन प्रयोगशाळांचे आकडे न जुळण्याचे पहिले कारण तीच असते.